मान टाकणारा बेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेस, म्हणजे बेस गिटार, गळ्यात अडकवला, हात सोडले, की हेडस्टॉक, म्हणजे मानेचं खुंट्यांचं टोक, निघाला जमिनीकडे. इंग्रजीत याला ‘नेक डाइव्ह’ म्हणतात. आमच्या तालमीत नुसतं ‘मान टाकली’ म्हटलं तरी कळतं. सेटअपसाठी बेस घेऊन येणारे आणि शिकायला येणारे वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. घाईत असाल तर प्रश्न १, ३ आणि ७ वाचा. बाकीचं ज्याच्या-त्याच्या बेसप्रमाणे.

१. माझा बेस खरंच मानेकडे जड आहे, की मलाच नीट धरता येत नाही? ओळखायचं कसं?

दोन चाचण्या करा. दोन्ही फुकट आहेत.

पहिली उभ्याने. वाजवताना घालता तोच शर्ट, तोच पट्टा, तीच लांबी ठेवा. मान नेहमीच्या कोनात आणा आणि डावा हात हळूच सोडा, पण खाली झेलायच्या तयारीत ठेवा. बेस जागच्या जागी राहिला तर उत्तम. सावकाश खाली येऊन जमिनीला समांतर थांबला तर बऱ्याच जणांचं त्यावर निभावतं. समांतरच्याही खाली गेला तर पुढचं वाचा.

दुसरी टेबलावर. टॉवेलची घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर बेस आडवा, तारा वर, असा ठेवा. पुढेमागे सरकवत नेमका तोल कुठल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) सांभाळला जातो ते बघा. आता पुढचं, म्हणजे मानेकडचं, पट्टा अडकवायचं स्ट्रॅप-बटण कुठल्या फ्रेटच्या रेषेत येतं ते बघा. तोलाची जागा बटणापासून बॉडीच्या बाजूला निदान चार बोटं असेल तर बेस सहसा शहाण्यासारखा वागतो. अगदी बटणासमोर किंवा त्याच्याही पुढे, मानेकडे असेल, तर दोष तुमच्या हाताचा नाही.

२. म्हणजे जड बेस मान टाकतो आणि हलका टाकत नाही?

अनेकदा नेमकं उलट. साडेचार-पाच किलोची जाडजूड बॉडी मानेला छान तोलून धरते, खांदा तेवढा मोडतो. पॉलोनियासारख्या फार हलक्या लाकडाच्या बॉडीला लांब मेपलची मान आणि चार ठोकळ ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) लावले, की दुकानात ‘किती हलका!’ म्हणून घेतलेला बेस घरी आल्यावर मान टाकतो. एकूण वजन आणि वजनाची वाटणी हे दोन वेगळे हिशेब आहेत.

३. हे होतं तरी कशाने?

बैलगाडी भरताना पाहिली असेल तर सांगायची गरजच नाही. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर. आस तिथेच असतो, वजनही तेवढंच. फरक पडतो तो आसापासून ओझं किती लांब आहे याचा. बेसमध्ये आस म्हणजे पुढचं बटण, आणि बैल म्हणजे तुमचा डावा हात.

१९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसचा आकार बघा. वरचं शिंग, म्हणजे हॉर्न, चांगलं लांब, पार बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचणारं. ते नुसतं शोभेचं नाही. ३४ इंचांचं स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी), लांब मान आणि तिच्या टोकाला चार मोठे ट्यूनर, हे सगळं तोलायला बटण तितकं पुढे न्यावंच लागतं. १९६०च्या जॅझ बेसचंही तेच. आता गिब्सनचा १९६१चा ईबी-३ घ्या. एसजी गिटारसारखी आखूड शिंगांची पातळ बॉडी, आणि पुढचं बटण मान जिथे बॉडीला जुळते तिथे, पाठीमागे. स्केल साडेतीस इंचच आहे, तरी मान खाली जाते, कारण बटणापुढे मानेचा केवढा तरी भाग लोंबकळत असतो. १९६३च्या थंडरबर्डचं रेखाटन रे डीट्रिक यांचं. ते मूळचे मोटारगाड्यांचे डिझायनर. दिसायला इतका देखणा बेस क्वचितच झाला असेल. मान टाकण्याबद्दल त्याची ख्यातीही तशीच.

४. मान सतत खाली पडल्याने ती वाकेल का? ट्रस रॉड आवळू का?

नाही, आणि ट्रस रॉडला, म्हणजे मानेच्या आतल्या लोखंडी सळईला, हात लावू नका. चार तारांचा ताण मिळून ७०-८० किलोच्या घरात असतो. रॉड त्या ओढीला उत्तर द्यायला बसवलेला असतो. त्यापुढे हेडस्टॉकचं अर्धा-पाऊण किलो वजन किस झाडकी पत्ती. मान ‘वाकणं’ आणि मान ‘पडणं’ हे दोन वेगळे आजार आहेत. नावं सारखी वाटतात म्हणून रॉड आवळून ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बिघडवलेले दोन-तीन बेस तरी दर वर्षी माझ्याकडे येतात.

५. पट्टा बदलून भागेल का?

पुष्कळदा भागतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा. आतून खरखरीत, म्हणजे स्वेड चामड्याचा, तीन इंच किंवा जास्त रुंद पट्टा घ्या. तो खांद्यावरून घसरत नाही, आणि पट्टा घसरला नाही तर बेस फिरत नाही. नायलॉनचा गुळगुळीत पट्टा या कामाला कुचकामी. नव्या पट्ट्याची एक गंमत दिसते : सुती शर्टावर पकड घट्ट असते, आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात रेशमी कुर्ता चढवला की तोच बेस पुन्हा मान टाकतो. चाचणी कार्यक्रमाच्या कपड्यांत करा असं मी म्हणतो ते यासाठी. ताणणारे, स्पंजासारखे निओप्रीनचे पट्टे जड बेसला आरामाचे असतात, पण मान टाकणारा बेस त्यांच्यावर झोके घेतो.

पट्टा थोडा आखूड केला तरी फरक पडतो. बॉडी पोटाला टेकते आणि उजवा हात वरून तिला दाबून धरतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. प्रश्न १ मधल्या दुसऱ्या चाचणीत तोल बटणाच्याही पुढे, मानेकडे आला असेल, तर जगातला कुठलाच पट्टा मान थांबवणार नाही. खांद्याला फेविकॉलने चिकटवला तरी नाही. बेस पुढच्या बटणाभोवती फिरतो आणि पट्ट्याचा मागचा भाग ढिला पडतो. आरशात बघा, हा ढिलेपणा लगेच दिसतो. तसं असेल तर थेट प्रश्न ७ किंवा १०.

६. स्वेडचा पट्टा घेतला, मान थांबली. पण तासाभरात खांदा आणि मानेचा मागचा भाग दुखतो. का?

पट्ट्याने घर्षण वाढवलं, वजनाची वाटणी बदलली नाही. पूर्वी जी ओढ डाव्या हातावर होती ती आता खांद्याच्या कातडीवर आणि शर्टाच्या कॉलरवर आली. तीन तासांच्या कार्यक्रमानंतर कॉलर एका बाजूला ओढलेली दिसली तर समजा की पट्टा रोग दाबतोय. तालमीपुरतं हे चालून जातं. रोज वाजवणाऱ्याने पुढे जावं. आणि बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर बेसचं नंतर बघू, आधी डॉक्टर.

७. पुढचं बटण सरकवून किती फरक पडतो?

माझ्या मते हाच खरा उपाय, आणि लोक नेमका हाच सगळ्यात शेवटी करतात.

आकडे बघा. ३४ इंची, म्हणजे ८६.४ सेंमी स्केलवर नटपासून (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बारावा फ्रेट ४३ सेंमीवर आणि सतरावा ५४ सेंमीवर येतो. मध्ये जवळजवळ ११ सेंमी. समजा चार किलोच्या बेसचं बटण तुम्ही १० सेंमी मानेकडे नेऊ शकलात. तोलाच्या हिशेबात हे हेडस्टॉकवरून सुमारे पाऊण किलो उतरवल्यासारखं आहे! इतकं तर तिथे काढण्यासारखं वजनही नसतं.

आता १० सेंमी क्वचितच मिळतात, बॉडी जिथे संपते तिथे संपते. तरी पाठीवरचं बटण शिंगाच्या टोकावर आणलं तर जे दोन-चार सेंमी हाती लागतात, तेही मोलाचे. शिवाय पाठीवरच्या बटणामुळे बेसचा वरचा भाग पुढे, प्रेक्षकांकडे कलंडतो, तो त्रासही कमी होतो. शिंग आखूड असेल तर दोन-तीन इंच पुढे निघणारी लांबट बटणं मिळतात. ती शिंगावर चांगल्या जाड स्क्रूने बसवावी लागतात, कारण आता त्या स्क्रूवर तरफेचा जोर येतो. दिसायला काहीशी नाकावरच्या फोडासारखी दिसतात, त्याला इलाज नाही.

बॉडीला बोल्टने जोडलेल्या मानेच्या बेसवर कुणी मानेमागच्या प्लेटच्या एका स्क्रूखाली बटण बसवतात. फेंडर धाटणीच्या बेसवर हे करू नका, तुम्ही बटण पुढे न नेता मागे नेताय.

८. बेसला भोक पाडायची भीती वाटते. कसं पाडायचं?

भीती वाटते ते बरंच आहे. मी माझ्या पहिल्या बेसला ती न बाळगता स्क्रू थेट पिळला होता, आणि शिंगाच्या टोकावरचं लॅकर नाण्याएवढं उडालं. ते अजून तसंच आहे.

आधी दोन दिवस खात्री करून घ्या. नवीन जागी पट्टा दोरीने किंवा कापडी पट्टीने तात्पुरता अडकवून, बेस हातात धरून बघा. पटलं तर तिथे कागदी टेप लावा, खूण करा. स्क्रूच्या आट्यांखालच्या दांड्याएवढ्या, म्हणजे स्क्रूपेक्षा बारीक ड्रिलने सरळ भोक पाडा. ड्रिलच्या पात्यावर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा. भोकाच्या तोंडावरचं लॅकर जरा मोठ्या ड्रिलने, हाताने फिरवून, हलकंसं खरवडा, म्हणजे ते तडकत नाही. स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावा आणि हाताने पिळा. बटणाखाली जाड कापडाची किंवा नमद्याची चकती टाका.

जुनं भोक बुजवायचं असेल, किंवा ढिलं पडलेलं घट्ट करायचं असेल, तर बांबूच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठासा, एक रात्र वाळू द्या आणि धारदार पात्याने तासून सपाट करा. सेमी-हॉलो बेसला मात्र कुठेही भोक पाडू नका. आत ठोकळा कुठे आहे हे कळल्याशिवाय स्क्रू पातळ फळीत लटकत राहील.

९. हलके ट्यूनर बसवले तर?

चांगला उपाय, पण त्याची जादू सांगतात तेवढी नसते. जुन्या धाटणीचा मोठ्या पानाचा एक ट्यूनर साधारण १०० ग्रॅमचा असतो. हिपशॉटचे अल्ट्रालाइट किंवा गोटोचे हलके ट्यूनर त्याच्या जवळपास निम्म्यावर येतात. चार मिळून १६० ते १८० ग्रॅम वाचले असं धरू. चार किलोच्या बेसवर तेवढाच परिणाम बटण दोन-अडीच सेंमी सरकवून मिळतो, तोही एका स्क्रूच्या किमतीत. मात्र बटण सरकवायला जागाच नसेल तर ट्यूनर हाच सभ्य मार्ग, कारण यात एकूण वजनही घटतं आणि जुने ट्यूनर जपून ठेवले तर बेस पुन्हा मूळ रूपात येतो.

मागवण्याआधी भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा. बऱ्याच आशियाई बेसना १४ मिमीच्या आसपासचं भोक असतं, जुन्या फेंडर पद्धतीच्यांना साडेसतराच्या आसपासचं. आणि तुमचा एक जुना ट्यूनर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. तो मुळातच ६०-६५ ग्रॅमचा निघाला तर पैसे वाचवा.

१०. मागच्या बाजूला वजन लावलं तर? किती?

किती ते अंदाजाने ठरवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत तांदूळ घेऊन ती मागच्या बटणाला अडकवा. मान थांबेपर्यंत मूठमूठ वाढवत जा, मग पिशवी काट्यावर ठेवा. पाव किलोच्या आत भागलं तर करण्यासारखं आहे. अर्धा किलो लागत असेल तर बेस तुम्हाला काहीतरी सांगतोय, प्रश्न ७ पुन्हा वाचा.

बाराव्या फ्रेटपाशी बटण असलेल्या ३४ इंची बेसवर मागचं टोक आणि हेडस्टॉक बटणापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे पुढून १८० ग्रॅम काढणं आणि मागे जवळपास तेवढेच लावणं तोलासाठी सारखंच. खांद्यासाठी अर्थातच नाही.

वजन म्हणून टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायला वापरतात त्या चिकट पट्ट्या बेस्ट. पाच-दहा ग्रॅमचे तुकडे असतात, हवे तेवढे तोडा. पण लॅकरवर थेट चिकटवू नका. पट्ट्याच्या मागच्या टोकाला चामड्याची छोटी खिशी शिवून तिच्यात भरा. वायरलेसचा ट्रान्समीटर वापरत असाल तर तोही तिथेच अडकवा. कंट्रोलच्या खोबणीत शिशाचे गोळे टाकणारे लोक मला माहीत आहेत. शिसं विषारी, आणि सुटं झालेलं वजन सर्किटवर जाऊन आवाज बंद पाडतं तो भर कार्यक्रमात. नको.

११. जड ब्रिज बसवून हेच होणार नाही का?

थोडंसं. ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग, मागच्या बटणापेक्षा अलीकडे असतो, म्हणून तेच वजन तिथे कमी काम करतं. आवाजासाठी ब्रिज बदलायचाच असेल तर तोलाचा फायदा वरकड समजा. फक्त तोलासाठी बदलू नका.

१२. हलके ट्यूनर लावल्यापासून ‘जी’ (G) तारेवर एका ठिकाणी सूर मरतो. पूर्वी तिथे मरत नव्हता!

भास नाही हा. मानेला स्वतःची कंपनं असतात. एखाद्या सुराशी ती जुळली की मान त्या सुराची ताकद शोषून घेते आणि सूर लवकर विझतो. फेंडर धाटणीच्या बेसवर ही ‘मेलेली जागा’ बहुतेक वेळा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान असते. हेडस्टॉक हलका झाला की मानेचं कंपन चढतं आणि ती जागा एखादा फ्रेट वर सरकते. पूर्वी ती दोन फ्रेटच्या मधोमध पडत असेल तर लक्षात आली नसेल.

हेडस्टॉकला क्लिपचा ट्यूनर (सूर दाखवणारं चिमट्याचं यंत्र) लावून तो सूर पुन्हा वाजवा. फरक पडला तर कारण हेच. चारपैकी एखादा जुना, जड ट्यूनर परत लावून काहींचं जमतं. सूर मारणारी जागा तुमच्या नेहमीच्या सुरावर येत नसेल तर सोडून द्या.

१३. उभ्याने ठीक आहे, बसलो की मान पडते.

बसल्यावर आस बदलतो, बटणाऐवजी मांडी. बॉडीच्या खालची खोबण जिथे आहे तिथून हिशेब सुरू होतो आणि काही आकारांत ती फारच मागे असते. बसूनही पट्टा घाला, उभ्याइतक्याच उंचीवर. किंवा क्लासिकल गिटारवाल्यांसारखा बेस डाव्या मांडीवर घ्या आणि डावा पाय पाटावर ठेवा. मांडीवर खरखरीत कापडाचा तुकडा टाकला तरी घसरणं कमी होतं.

१४. पाच तारांचा घेतला तर जास्त त्रास होईल?

हेडस्टॉकवर एक ट्यूनर जास्त, मान रुंद, आणि पुष्कळदा स्केल ३५ इंच. म्हणून शिंग आखूड असेल तर हो. पण चांगल्या पाच-तारीची बॉडी नि शिंग त्या हिशेबानेच घडवलेली असतात. आकड्यावर जाऊ नका, चाचणी घ्या.

१५. मी डावखुरा आहे. उजव्या हाताचा बेस उलटा करून तारा बदलल्या, आणि आता मान थांबत नाही.

लांब शिंग खाली गेलं आणि पट्टा आता आखूड शिंगावर. बटण काही सेंमी मागे सरकलं, प्रश्न ७ चा हिशेब उलटा लागू. उपाय तेच, पण तुमच्यापुरता लांबट बटणाचा उपाय पहिला. दोन्ही शिंगं सारखी असलेला बेस शोधला तर नुकसान कमी. व्हायोलिनच्या आकाराच्या बेसना तर शिंगच नसतं, त्यामुळे उलटं केल्याने फारसं बिघडत नाही.

१६. अकूस्टिक गिटारसारखा पट्टा हेडस्टॉकलाच बांधला तर?

मान पडणार नाही, शंभर टक्के. पण पहिल्या दोन-तीन फ्रेटपाशी डाव्या हाताला पट्टा आडवा येतो आणि बेस एकूणच उजवीकडे सरकतो. अकूस्टिक बेसवर, बसल्या कार्यक्रमात, चालेल. उभ्याने वेगवान वाजवायचं तर दुसऱ्या दिवशीच सोडाल.

१७. हेडलेस बेस घेतला की प्रश्न मिटला?

बहुतेक वेळा. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८०च्या सुमारास हेडस्टॉकच काढून टाकला आणि ट्यूनर ब्रिजपाशी नेले. म्हणजे पुढचं वजन काढून मागे ठेवलं, दोन उपाय एका फटक्यात. मात्र त्यांच्या त्या एवढ्याशा बॉडीला शिंगच नव्हतं, म्हणून पट्टा अडकवायला पाठीमागे फिरणारी पट्टी द्यावी लागली. बटणाच्या जागेपासून सुटका हेडलेसलाही नाही. दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा तुमच्या गावात मिळतात का, हेही आधी विचारून घ्या. काही हेडलेसना साध्या तारा चालतात.

१८. ऑनलाइन घेतोय. फोटोवरून काही कळतं का?

बरंच. समोरून घेतलेल्या फोटोत वरच्या शिंगाच्या टोकावरून मानेवर काटकोनात पट्टी धरा. बाराव्या-तेराव्या फ्रेटला लागली तर निर्धास्त. सोळाव्याच्या पुढे गेली तर विचारा. पाठीचा फोटो मागा आणि बटण कुठे आहे बघा. मग विक्रेत्याला टॉवेलची चाचणी करून फोटो पाठवायला सांगा. जुना बेस विकणारे हौशी लोक आनंदाने करतात. दुकानात जात असाल तर आपला पट्टा बरोबर न्या. तिथले पट्टे गुळगुळीत तरी असतात किंवा नसतात तरी.

१९. आजोबांच्या काळातला, एकही स्क्रू न बदललेला बेस आहे. मान टाकतो. काय करू?

भोक पाडू नका, लॅकर खरवडू नका, ट्यूनरची भोकं मोठी करू नका. असा बेस अस्सल राहण्यातच त्याची किंमत आहे. स्वेडचा पट्टा, मागे खिशीत वजन, आणि पट्टा थोडा आखूड, एवढंच. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर रबराचं किंवा प्लॅस्टिकचं काहीही टेकवून ठेवू नका, डाग पडतात आणि जात नाहीत. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा केसमध्ये बेसवर गुंडाळून ठेवण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. बुरशी पट्ट्यावरून लॅकरवर येते.

२०. काहीच केलं नाही तर?

चालतं. आयुष्यभर मान टाकणारे बेस वाजवून नाव काढलेले लोक आहेत. उजवा हात बॉडीवर टेकवून ते तोल धरतात आणि त्यांना ते जाणवतही नाही. फक्त एक करून बघा. डावा अंगठा मानेवरून पूर्ण उचलून, नुसत्या बोटांनी एक मोकळी, साधी लाइन वाजवा. पहिल्या फ्रेटवरून नवव्यावर उडी घ्या आणि परत या. मान जागेवर राहिली तर बेसला हात लावू नका. उडीबरोबर मानही खाली गेली, तर तुमचा डावा हात निम्मा वेळ हमाली करतोय.